तानपुऱ्याचं मशीन, शांतता आणि कानातली कुई : आठ महिन्यांनंतर

मी हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. उन्हाळाभर सौद्यांची धांदल, आणि त्या दिवसांत घरी आलं तरी डोक्यातले सौदे थांबत नाहीत. उशीला डोकं टेकवलं की आत कुणीतरी क्विंटलचा भाव वाढवतच असतं. बीपीची गोळी वाढवताना डॉक्टर म्हणाले, ‘रोज वीस मिनिटं नुसतं बसत जा.’ बसलो. शांत काही झालो नाही. म्हणून मे महिन्यात ध्यानासाठी इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेतला. आता जानेवारी चालू आहे. गाण्यातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मशीन घेण्याआधी पंधरा दिवस मोबाइलवरचं ‘ध्यानाचं संगीत’ लावून बघितलं होतं. बासरी, मागे झऱ्याचं पाणी. अडचण अशी की बासरी कुठंतरी जात असते आणि मन तिच्या दोन पावलं पुढं पळतं. पाचव्या दिवशी मी श्वासावरचं लक्ष सोडून बासरीच्या एका ठरावीक वळणाची वाट बघत बसलो होतो. भजन लावलं तर दुसऱ्या कडव्यापासून मनातल्या मनात टाळ सुरू. त्यात मध्येच फरशीची जाहिरात.

432 हर्ट्झच्या सुरात लावलेल्या संगीताचाही नाद करून झाला. त्या आकड्यात मन शांत करायची खास शक्ती असते म्हणे. पण आपल्याकडे सा मुळात बांधलेला नसतोच. कुणी पेटीच्या काळी एकमध्ये गातो, कुणी काळी चारमध्ये, ज्याच्या गळ्याला जे झेपेल ते. मग हा एकच आकडा आला कुठून? बायनॉरल बीट्स हा प्रकार तरी जुना आहे. दोन कानांत किंचित वेगळे सूर सोडले की मेंदूला त्या फरकाचा ठोका ऐकू येतो. एकोणिसाव्या शतकात डोव्ह नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं हे टिपलं होतं. दोन दिवस गंमत वाटली, तिसऱ्या दिवशी डोकं जड झालं.

तर मशीन. जाडजूड वहीएवढा डबा. सूर, बारीक सूर, लय आणि आवाज यांची बटणं, पहिली तार पंचमात ठेवायची की मध्यमात याची सोय. चार तारा एकामागून एक वाजतात: पंचम, मग सा च्या दोन तारा म्हणजे जोड, जोड, मग खालच्या सा चा खर्ज, पुन्हा पंचम. यात पुढं काय येणार याची उत्सुकताच नाही, आणि मला तेच हवं होतं. पहिला आठवडा बसल्या बसल्या झोप लागायची. लय थोडी वाढवल्यावर ती गेली. जास्त वाढवली की कुणीतरी घाई करतंय असं वाटतं. आवाज किती ठेवायचा हे कळायला महिना गेला. पंख्याची घरघर तानपुऱ्याच्या वर ऐकू आली पाहिजे, एवढाच. मोठा ठेवला की तोही एक गलकाच.

तक्रारी दोन. अडॅप्टर घूं करतो, आणि ती घूं मशीनच्या सा शी जुळत नाही. माझ्यासारख्या औरंगजेबालाही ते खटकतं. दुसरं, दर फेरीला तारा तंतोतंत तशाच वाजतात. माणसाचं बोट कधी हलकं पडेल, कधी जड, ते इथं नाही.

पावसाळ्याचा अनुभव मोजतच नाही. आम्ही सांगलीवाडीचे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 ला धोका, आणि 2019 मध्ये पाणी घरात आल्यापासून पावसाची झड लागली की डोळे मिटूनही मला फुटांचे आकडेच दिसतात.

सप्टेंबरात एक मित्र इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेला जाऊन आला. तिथं बोलणं बंद, संगीत नाही. ‘तुझं मशीन म्हणजे कुबडी आहे,’ म्हणाला. मला ते लागलं. मशीन कपाटात टाकलं, कानात फोमचे बोळे घातले आणि बसलो. स्वतःचं आवंढा गिळणं ढोल वाजवल्यासारखं ऐकू आलं. छातीतले ठोकेही. आणि त्यामागं डाव्या कानात एक बारीक, न थांबणारी कुई. आठवडाभर मी ध्यान नाही, त्या कुईची राखण केली.

घाबरून मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणीत गंभीर काही निघालं नाही. वय, शिवाय हळदीच्या गिरणीजवळ काढलेली वर्षं. ते म्हणाले, पूर्ण शांततेत कुई जास्त जाणवते; बोळे काढा, खोलीत हलका आवाज राहू द्या. म्हणजे कुबडी परत.

बसला वेळ होता म्हणून सतारमेकर गल्लीत शिरलो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण एवढी वर्षं शेजारी राहून त्या गल्लीत मी कधी पाय ठेवला नव्हता. एक काका जवारी काढत होते. घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा इतका बारीक घासायचा की तार एका टोकाला न संपता त्यावर लांबवर घसटत राहावी, मग खाली दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर असलेल्या गावात ‘मी मशीनवर ऐकतो’ म्हणायची लाज वाटली, तरी म्हणालो. ते हसले नाहीत. ‘मशीन असू दे. खर्जाची तार वाजून गेली की लगेच पुढच्या तारेवर जाऊ नका. तिच्यात गंधार निघतो, तो ऐका.’ आणि छेडून दाखवली. तार सा चीच, पण तिच्या पोटातून कुणी न लावलेला गंधार, म्हणजे ग, वर येत होता. अंगावर काटा आला.

घरी मशीनवर तो सापडायला नऊ दिवस लागले. फिका आहे, पण आहे. तेव्हापासून मी श्वास मोजत नाही, मंत्र म्हणत नाही. खर्ज आला की गंधार शोधतो. डोक्यात हिशेब चालू असला तर तो ऐकूच येत नाही. आणि ‘सापडला!’ असं म्हटलं की त्या क्षणी जातो. आठ महिन्यांत मन धरून ठेवायला याच्याइतकी बारीक चिमूट दुसरी मिळाली नाही.

आता बारा मिनिटं तानपुरा, मग मशीन बंद करून आठ मिनिटं तसंच बसणं. खरी गोष्ट या आठ मिनिटांत आहे. बटण दाबल्यावरही कान बराच वेळ तारेच्या मागं जात राहतात, आणि जिथं ती संपली असं वाटतं तिथली शांतता बोळ्यांच्या शांततेसारखी कोंडलेली नसते. कुई असते, पण तिची राखण करावीशी वाटत नाही. मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, ‘कुबडी ती कुबडीच.’ असेल.

नोव्हेंबरपासून उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेत. पहाटे पाचला दोन ट्रॉल्या आणि खिडक्या थरथरवणारे स्पीकर. गाणं ओळखायचं नाही असा नियम केलाय, तो निम्म्या वेळा मोडतो.

बीपी होतं तेवढंच आहे, गोळीही तीच. झोप मात्र लागते, मध्येच भाव कुणी वाढवत नाही. सौद्यांचा हंगाम पुढच्या महिन्यात सुरू होईल, तेव्हा कळेल. नुसतं ध्यानच करायचं असेल तर मशीनला पैसे घालू नका, तानपुऱ्याचं फुकट ॲप पुरतं. फोन विमान मोडवर टाकायची शिस्त हवी. मला ती नव्हती. मशीन विकायचा विचार मध्यंतरी आला होता, पण बायको नको म्हणते. सकाळी भाकरी करताना ती ते स्वयंपाकघरात लावते, आणि तिला म्हणे गंधार पहिल्याच दिवशी ऐकू आला होता.