खंड्याची जंताची गोळी आणि हार्टवर्मची गोळी : अकरा महिन्यांचा अनुभव

आमचा खंड्या गावठी कुत्रा. चिपळूणला रस्त्यावरून घरी आला तेव्हा वर्षभराचा असेल. जानेवारीत नवऱ्याची बदली गुवाहाटीला झाली आणि खंड्याही आमच्याबरोबर आला. फेब्रुवारीपासून त्याला दोन औषधं नेमाने चालू आहेत. दर तीन महिन्यांनी जंताची गोळी ड्रॉन्टल प्लस आणि दर महिन्याला हार्टवर्मची गोळी नेक्सगार्ड स्पेक्ट्रा. दोन्हींबद्दल माझं मत चांगलं आहे. पण गोळी कुठली यापेक्षा ती त्या दिवशीच्या वजनाला बसते का, यावर सगळं अवलंबून असतं, हे मला उशिरा कळलं.

चिपळूणला पहिल्यांदा जंताची गोळी आणायला गेले तेव्हा दुकानदाराने खंड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दहा किलोचा आहे, एक गोळी बास." मी दिली. पंधरा दिवसांनी त्याच्या शेपटीखाली आणि बसायच्या गोणपाटावर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे तुकडे दिसले. ताजा तुकडा नीट पाहिला तर हलतो, वाळला की काकडीच्या बीसारखा होतो. हे पट्टकृमीचे, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताचे तुकडे. मग मी वजनकाट्यावर आधी एकटी उभी राहिले, मग त्याला उचलून घेऊन. ६८.० मधून ५४.२ वजा केले, खंड्या निघाला १३.८ किलोचा. या गोळीचं माप दहा किलोला एक असं आहे आणि दहा ते पंधरा किलोला दीड गोळी लागते. म्हणजे औषध कमी पडलं होतं. शिवाय पट्टकृमी पिसवांमधून येतो. कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो आणि जंत परत पोटात. पिसवा तशाच ठेवून नुसत्या गोळ्या देत राहिलं तर काही उपयोग नाही.

गुवाहाटीला आल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न डासांचा विचारला. हार्टवर्म म्हणजे हृदयात राहणारा जंत. तो डासातून पसरतो आणि ईशान्य भारतात तो खरोखरच आढळतो. जंत हृदयाच्या उजव्या भागात आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत राहतात. मादी जवळजवळ फूटभर लांब होते आणि पाच-सात वर्षं जगू शकते. एकदा ते मोठे झाले की उपचार आर्सेनिक असलेल्या इंजेक्शनांचा, आणि कित्येक महिने कुत्र्याला पळू न देता बांधून ठेवायचं. हे ऐकल्यावर महिन्याच्या गोळीचा खर्च मला जड वाटेनासा झाला, जरी ती जंताच्या गोळीच्या कितीतरी पट महाग आहे.

पण त्यांनी लगेच गोळी दिली नाही. आधी रक्त तपासलं. कुत्र्याच्या रक्तात जंतांची पिल्लं असतील आणि औषधाने ती एकदम मेली तर कुत्र्याला रिअॅक्शन येऊ शकते. किटवरची टेस्ट दहाएक मिनिटांत झाली, शिवाय रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीही पाहिला. काही सापडलं नाही. तरी त्यांनी ऑगस्टमध्ये पुन्हा टेस्ट करायला सांगितली, कारण डास चावल्यापासून टेस्टमध्ये दिसायला साधारण सहा महिने लागतात. ऑगस्टची टेस्टही निगेटिव्ह आली.

स्पेक्ट्राच्या गोळ्या वजनाच्या गटांनुसार येतात. साडेसात ते पंधरा किलो एक गट, पंधरा ते तीस दुसरा. खंड्या नवीन घरी सुधारला. सप्टेंबरात १४.६, नोव्हेंबरात १५.४. पंधराच्या आतल्या गटाची एक गोळी घरात उरली होती. ती देण्याचा मोह झाला, पण दिली नाही, मोठ्या गटाची आणली. जंताची गोळीही त्याच दिवसापासून दीडची दोन झाली. स्पेक्ट्राची मोठी गोळी कापून दोन कुत्र्यांना वाटणारे लोक मला माहीत आहेत. कृपया असं करू नका, दोन्ही तुकड्यांत औषध सारखं असेलच असं नसतं. आणि कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर ही गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा.

सगळ्यांत कळकळीने सांगायचं ते गाई-म्हशींच्या आयव्हरमेक्टिन या जंत-गोचीड मारणाऱ्या औषधाबद्दल. शेजारच्या गल्लीत एकाने गोचीड जावेत म्हणून ते इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला दिलं. संध्याकाळी त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, मागचे पाय लटपटत होते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या आणि तो भिंतीला धडकत होता. तीन दिवस सलाईनवर होता, वाचला. मी नंतर घरी आकडेमोड केली. हार्टवर्म टाळायला आयव्हरमेक्टिन किलोला ६ मायक्रोग्रॅम लागतं. एक टक्क्याच्या जनावरांच्या इंजेक्शनात एका मि.ली.मध्ये १०,००० मायक्रोग्रॅम असतं. चौदा किलोच्या कुत्र्याला लागणार ८४, म्हणजे ०.००८४ मि.ली. एक मि.ली.च्या सिरिंजवरची सर्वांत बारीक रेघ ०.०१ची असते. हा डोस घरी मोजताच येत नाही. त्यातून कोली आणि त्याच्या जवळच्या जातींच्या कित्येक कुत्र्यांमध्ये जनुकातल्या दोषामुळे हे औषध मेंदूत शिरतं, त्यांना तर फार थोडं जादा झालं तरी जीवावर बेततं. माणसांच्या जंतांवरच्या अल्बेंडाझोलच्या गोळ्याही देऊ नका, त्याने हाडांतल्या मगजावर परिणाम होऊन रक्तपेशी कमी होऊ शकतात.

इमारतीखालच्या कुत्रीला जूनमध्ये पिल्लं झाली. पिल्लांना आईच्या पोटातूनच जंत येतात, म्हणून दोन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी औषध द्यावं लागतं. पहिल्या खेपेला एकेक पिल्लू स्वयंपाकघरातल्या काट्यावर परातीत ठेवून मोजलं. एक ९२० ग्रॅमचं, सगळ्यांत लहान ६४०चं. बाटलीवर किलोला एक मि.ली. लिहिलं होतं, म्हणजे धाकट्याला जेमतेम ०.६४. बाटली हलवली नाही तर औषध तळाशी बसतं आणि शेवटच्या पिल्लाला जास्त जातं. धाकट्याच्या हिरड्या पांढुरक्या होत्या. त्याला मी औषध पाजलं नाही, तसंच डॉक्टरांकडे नेलं. अंकुशकृमी हे आतड्यातले जंत रक्त पितात आणि इतक्या लहान जिवाकडे गमवायला रक्त नसतंच.

गोळी दिल्यावर मी तासभर खंड्याजवळ थांबते. जुलैत चाळीस मिनिटांनी त्याने उलटी केली, त्यात गोळीचे तुकडे दिसले. दुसरी देण्याआधी डॉक्टरांना फोन केला आणि मग दिली. स्पेक्ट्रामुळे गोलकृमी आणि अंकुशकृमीही जातात, पट्टकृमी जात नाही. म्हणून ड्रॉन्टल चालू ठेवलं आहे, पण डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही गोळ्या एकाच दिवशी देत नाही.

सप्टेंबरात गणपतीला चिपळूणला गेलो आणि स्पेक्ट्राची गोळी गुवाहाटीच्या कपाटातच राहिली. परत येऊन दिली तेव्हा बारा दिवस उशीर झाला होता. हार्टवर्मच्या बाबतीत ही गोळी आदल्या महिन्याभरात अंगात शिरलेल्या अळ्या मारते, पुढच्या महिन्याची राखण करत नाही. त्यामुळे त्या बारा दिवसांचा हिशेब सहा महिन्यांनीच लागणार. खंड्याची टेस्ट मार्चमध्ये आहे.