नील्सन की इबेर? बासरीचे दोन कॉन्चेर्टो

कॉन्चेर्टो म्हणजे एका वाद्याला पुढे ठेवून ऑर्केस्ट्रासोबत वाजवायची रचना. या दोन्हींचा पहिला प्रयोग पॅरिसमध्येच झाला: डेन्मार्कचे संगीतकार कार्ल नील्सन यांचा 1926 मध्ये, फ्रान्सच्या झाक इबेरचा 1934 मध्ये, मार्सेल मोईझच्या बासरीवर. इबेरचे तीन भाग आहेत. पहिल्यात बासरीवादकाला श्वास घ्यायलाही उसंत मिळत नाही. मधला संथ भाग मात्र अतिशय देखणा.

तरी माझं मत नील्सनला. त्याचे भाग दोनच, पण त्यात माणसं बोलतात. बासरी क्लॅरिनेटशी गुजगोष्टी करते आणि मध्येच बास ट्रॉम्बोन, म्हणजे खर्जातलं पितळी वाद्य, धसमुसळेपणाने घुसतो. शेवटी तर सुरांवरून घसरत तोच भाव खाऊन जातो! पहिल्यांदाच ऐकणार असाल तर इबेर लावा, तो लगेच आवडतो. नील्सन दोन-तीनदा ऐकावा लागतो.