इंग्लंडमध्ये घर घेताना वकील कोणता घ्यावा: गावातला, ऑनलाइन, की एजंटने सुचवलेला?

इंग्लंडमध्ये घरासाठी दिलेली ऑफर मंजूर झाली की इस्टेट एजंटचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘तुमचा सॉलिसिटर कोण?’ उत्तर तयार नसेल तर एजंटच एक नाव पुढे करतो, आणि आपल्यापैकी अनेक जण घर सापडल्याच्या आनंदात त्या नावाला होकार देऊन मोकळे होतात. घर पाहायला चार शनिवार घालवणारी माणसे वकील मात्र चार मिनिटांत निवडतात. पुढे दोन-तीन महिने, कधी त्याहूनही अधिक काळ, ज्याच्या उत्तराची रोज वाट पाहायची आहे त्याची निवड थोडा वेळ देऊन करणे शक्य आहे, म्हणून समोर येणारे पर्याय येथे एकमेकांशेजारी ठेवून पाहिले आहेत. हे विवेचन इंग्लंडपुरते आहे. वेल्समध्ये कर निराळा आहे आणि स्कॉटलंडमध्ये व्यवहाराची पद्धतच वेगळी आहे.

महाराष्ट्रात घर घेतलेल्या माणसाला वकिलाचे काम म्हणजे तीस वर्षांचा सर्च, इंडेक्स टू, मागील करारांची साखळी आणि दुय्यम निबंधक कार्यालयातली नोंदणी असे आठवते. तिथे दस्ताची नोंदणी होते, पण मालकी हक्काची हमी सरकार देत नाही, म्हणून सारा भर जुन्या कागदांवर असतो. इंग्लंडमध्ये बहुतेक घरांचा मालकी हक्क एचएम लँड रजिस्ट्रीत नोंदलेला असतो आणि त्या नोंदीमागे सरकारी हमी असते. त्यामुळे इथल्या वकिलाची कसोटी वेगळ्या जागी लागते. कौन्सिलकडून (स्थानिक पालिकेकडून) आणि पाणी-सांडपाणी कंपनीकडून येणारी सर्चची, म्हणजे घराबद्दलच्या अधिकृत चौकशीची, उत्तरे नीट वाचणे, विक्रेत्याच्या वकिलाला नेमके प्रश्न विचारणे, फ्लॅट असेल तर लीज, म्हणजे ठराविक वर्षांचा भाडेपट्टा, बारकाईने तपासणे, कर्ज देणाऱ्या बँकेच्या अटी सांभाळणे आणि व्यवहार पूर्ण झाल्यावर चौदा दिवसांच्या आत स्टॅम्प ड्यूटीचे विवरण भरणे, ही ती कामे होत. घर पाहायला तो जात नाही. नकाशात दाखवलेली हद्द आणि प्रत्यक्षातले कुंपण यांत फरक असेल तर तो ग्राहकालाच त्याच्या लक्षात आणून द्यावा लागतो.

दुसरा फरक अधिक जाचक आहे. करारांची अदलाबदल, म्हणजे एक्स्चेंज, होईपर्यंत कोणताही पक्ष काहीही भरपाई न देता व्यवहारातून बाहेर पडू शकतो. विक्रेत्याला मध्येच अधिक किमतीची ऑफर आली तर आपण सर्चवर आणि सर्व्हेवर (घराच्या तांत्रिक पाहणीवर) केलेला खर्च पाण्यात जातो. एक्स्चेंजनंतर मात्र खरेदीदार मागे हटला तर सामान्यतः किमतीच्या दहा टक्के असलेली अनामत गमावण्याची वेळ येते. म्हणून वकिलाचा वेग आणि फोनवर मिळण्याची त्याची सवय या गोष्टी इथे सोयीपुरत्या उरत नाहीत, व्यवहार टिकणे त्यांच्यावर अवलंबून असते.

सॉलिसिटर की लायसन्स्ड कन्व्हेयन्सर, या प्रश्नावर फार अडकून पडू नये. घरांच्या व्यवहारांवरची सॉलिसिटरांची मक्तेदारी १९८५ च्या कायद्याने संपली आणि तेव्हापासून केवळ मालमत्तेचे काम करणारा हा दुसरा व्यवसाय उभा राहिला. सॉलिसिटरांवर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीचे नियंत्रण असते, तर कन्व्हेयन्सरांवर कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सचे. दोघांचीही नावे त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येतात आणि दोघांविरुद्धची तक्रार लीगल ऑम्बड्समनकडे नेता येते. घटस्फोट, वारसाहक्क किंवा शेजाऱ्याशी हद्दीचा वाद व्यवहारात गुंतलेला असेल तर सॉलिसिटरच घ्यावा. एरवी दोघांपैकी कोणीही चालतो.

खरी निवड तीन प्रकारच्या पेढ्यांमध्ये करायची असते.

पहिला प्रकार गावातल्या हाय स्ट्रीटवरच्या, म्हणजे मुख्य बाजाररस्त्यावरच्या, लहान पेढीचा. तिची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणून ‘स्थानिक माहिती’ सांगितली जाते, आणि माझ्या मते तीच थोडी फुगवून सांगितली जाते. डरहॅम किंवा नॉटिंगहॅमशरच्या बाजूला जुन्या कोळसा खाणींचा सर्च लागतो, कॉर्नवॉलमध्ये कथिलाच्या खाणींचा, चेशरच्या काही भागांत जमिनीखालून काढलेल्या मिठाचा. पण हे सर्च आता पोस्टकोडवरून सुचवले जातात आणि दोनशे मैलांवर बसलेली पेढीही ते मागवू शकते. स्थानिकपणाचा खरा उपयोग दुसरीकडे होतो. एखाद्या इमारतीची व्यवस्थापन कंपनी कागद द्यायला किती रखडते, अमुक वसाहतीतल्या लीजमध्ये कोणते कलम त्रासदायक आहे, पूर्वीच्या कौन्सिल फ्लॅटांच्या दुरुस्तीची बिले केवढी येतात, हे त्याच इमारतीतले पाच व्यवहार आधी केलेल्या माणसाला ठाऊक असते. शिवाय मूळ कागद घेऊन समोर बसता येते, आणि फाइल कोणाच्या टेबलावर आहे हे माहीत असते. उणी बाजू अशी की फी सहसा अधिक असते, संध्याकाळी पाचनंतर कोणी भेटत नाही, आणि ती एक व्यक्ती पंधरा दिवस सुट्टीवर गेली तर फाइलही तिच्याबरोबर सुट्टीवर जाते.

दुसरा प्रकार ऑनलाइन, मोठ्या संख्येने व्यवहार करणाऱ्या पेढ्यांचा. कामाचे टप्पे तिथे वेगवेगळ्या हातांत वाटलेले असतात: ओळखपत्रे एक जण तपासतो, सर्च दुसरा मागवतो, चौकशीची पत्रे तिसरा लिहितो. फी कमी असते, रात्री अकरा वाजता पोर्टलवर फाइल कुठे आहे ते दिसते, आणि साध्या फ्रीहोल्ड (जमिनीसह कायम मालकीच्या) घराच्या सरळ व्यवहारात ही पद्धत उत्तम चालते. अडचण येते ती चौकटीबाहेरचे काही निघाले की. पोर्टलवर ‘चौकशी प्रलंबित’ एवढेच दिसत राहते, फोन उचलणाऱ्याने फाइल पाहिलेली नसते, आणि पाहिलेली असते तो फोनवर येत नाही.

तिसरा प्रकार एजंटने किंवा बिल्डरने सुचवलेल्या वकिलाचा. त्याच्याकडे काम पाठवण्याबद्दल एजंटला बहुधा मोबदला मिळतो. तो घेणे बेकायदा नाही, परंतु ग्राहकाला तो सांगणे बंधनकारक आहे, म्हणून रक्कम किती हे सरळ विचारावे. हाच वकील घेतला पाहिजे अशी सक्ती एजंट करू शकत नाही. नव्या वसाहतीत बिल्डर बुकिंगनंतर सामान्यतः अठ्ठावीस दिवसांत एक्स्चेंज मागतो, आणि त्याने सुचवलेल्या पेढीला त्या वसाहतीचे कागद आधीच पाठ असल्याने ती ही मुदत गाठते, हा फायदा मान्य करायला हवा. तरीही मी हा पर्याय सर्वांत खाली ठेवतो. लीजवर विकलेल्या नव्या घरांचे भूभाडे, म्हणजे जमीनमालकाला द्यायचे भाडे, ठराविक वर्षांनी दुप्पट होते हे अनेक ग्राहकांना घर घेतल्यानंतर कळले, आणि बिल्डरने सुचवलेल्या वकिलांनी आपल्याला सावध केले नाही अशी तक्रार त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी केली. मार्च २०१९ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या गृहनिर्माणविषयक समितीने विशिष्ट सॉलिसिटर घेण्यासाठी ग्राहकाला आर्थिक आमिष दाखवण्यावर बंदी घालावी अशी शिफारस केली, ती याच पार्श्वभूमीवर. ज्याच्याकडून पुढचे शंभर व्यवहार यायचे आहेत त्याच्याविरुद्ध वकील किती ताणून धरेल, हा प्रश्न नियमांनी पूर्णपणे मिटत नाही.

भारतातून आलेल्या खरेदीदाराच्या फाइलमध्ये दोन गोष्टी अशा असतात की त्यांच्यामुळे या तिन्ही प्रकारांचे वजन बदलते.

पहिली गोष्ट पुण्यातला फ्लॅट. एक जोडपे स्लाउमध्ये ४,५०,००० पौंडांचा फ्लॅट राहण्यासाठी घेत आहे असे समजू. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनुसार दोघांचीही ही आयुष्यातली पहिलीच मालमत्ता असेल तर स्टॅम्प ड्यूटी ७,५०० पौंड होते. पहिल्या घराची सवलत मिळाली नाही तर ती १२,५०० होते. आणि दोघांपैकी एकाच्या नावावर पुण्यात घर असेल तर हे ‘अतिरिक्त घर’ ठरून पाच टक्के अधिभार लागतो आणि रक्कम ३५,००० वर जाते. जगात कुठेही असलेले घर यात धरले जाते, आणि अधिभाराच्या बाबतीत पती-पत्नी एकत्र मोजले जातात. चाळीस हजार पौंडांहून कमी किमतीचा हिस्सा, किंवा गेल्या तीन वर्षांत वारशाने आलेला निम्मा वा त्याहून कमी हिस्सा, अधिभारासाठी धरला जात नाही; परंतु वारशाने आलेल्या हिश्श्यामुळेसुद्धा पहिल्या घराची सवलत जाऊ शकते. खरेदीपूर्वीच्या बारा महिन्यांत १८३ दिवस ब्रिटनमध्ये वास्तव्य झालेले नसेल तर आणखी दोन टक्के भरावे लागतात, जे पुढे वास्तव्य पूर्ण झाल्यास परत मागता येतात. ऑनलाइन अर्जात ‘तुमची दुसरी मालमत्ता आहे काय’ एवढाच प्रश्न असतो, आणि तो इंग्लंडपुरता आहे असे समजून माणसे ‘नाही’वर टिचकी मारतात. गावाकडच्या घरात वडिलांच्या पश्चात भावंडांची नावे लागली आहेत का, असा उलट प्रश्न विचारणारा वकील आणि अर्जातली खूण पाहून विवरण भरणारा वकील यांच्यातला फरक या उदाहरणात साडेसत्तावीस हजार पौंडांपर्यंत जातो. चुकीचे विवरण भरले गेले तर कर खात्याचे पत्र मात्र ग्राहकालाच येते.

दुसरी गोष्ट पैशाचा माग. २०१७ च्या मनी लाँडरिंगविषयक नियमांमुळे प्रत्येक पेढीला अनामत रक्कम कोठून आली हे तपासावे लागते. नाशिकचा प्लॉट विकून वडिलांनी पैसे दिले असतील तर बँकेच्या नमुन्यातले भेटपत्र, वडिलांची ओळखपत्रे, त्यांच्या खात्याचे उतारे आणि प्लॉटच्या विक्रीचा दस्त मागितला जातो. दस्त मराठीत असेल तर त्याचे प्रमाणित भाषांतरही. एनआरओ खात्यातून, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या खात्यातून, वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत आणि भारतात राहणाऱ्या पालकाकडून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, पण भारतीय बँकेची कागदपत्रे पुरी व्हायला वेळ लागतो, म्हणून पैसे एक्स्चेंजच्या पुरेसे आधी इंग्लंडमधल्या खात्यात आलेले बरे. काही पेढ्या परदेशातून आलेला पैसा स्वीकारतच नाहीत, आणि हे त्या सुरुवातीला आपणहून सांगतीलच असे नाही. याउलट हॅरो, हाउन्सलो किंवा लेस्टरसारख्या भागातल्या लहान पेढीने असे व्यवहार केलेले असण्याची शक्यता अधिक असते. स्थानिक पेढीच्या बाजूने मला सर्वांत पटणारा युक्तिवाद हा आहे, आणि त्याचा घराच्या परिसराशी काही संबंध नाही: पेढी घराजवळची असण्यापेक्षा आपल्यासारखे ग्राहक जिथे राहतात तिथली असणे अधिक उपयोगी पडते.

यावरून माझा कल असा. पगारातून साठवलेली अनामत, दुसरे घर नाही, आणि घेतलेले घर साधे फ्रीहोल्ड, असे असेल तर ऑनलाइन पेढीत पैसे वाचवावेत. भारतातला पैसा किंवा भारतातले घर फाइलमध्ये असेल तर जास्त फी देऊनही एक नाव, एक चेहरा असलेली लहान पेढी घ्यावी. लीजहोल्ड फ्लॅटलाही हेच लागू होते, विशेषतः लीजची उरलेली मुदत ऐंशी वर्षांच्या जवळ आली असेल किंवा इमारत अकरा मीटरहून उंच असेल तर, कारण २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्यानंतर अशा इमारतींच्या कागदांचे काम घेण्यास अनेक पेढ्या नकार देतात.

फीची तुलना करताना फक्त पहिला आकडा पाहून चालत नाही. डिसेंबर २०१८ पासून घरांच्या व्यवहाराचे दर संकेतस्थळावर देणे सॉलिसिटर पेढ्यांना बंधनकारक आहे, पण स्वस्त दिसणाऱ्या आकड्याखाली लीजहोल्डसाठी वेगळी रक्कम, कर्जासाठी वेगळी, भेट म्हणून आलेल्या अनामतीसाठी वेगळी, स्टॅम्प ड्यूटीच्या विवरणासाठी वेगळी आणि वर वीस टक्के व्हॅट असे थर असतात. आपल्या व्यवहाराला लागू पडणारी प्रत्येक बाब धरून लेखी अंदाज मागवला की ऑनलाइन आणि हाय स्ट्रीट यांच्यातले अंतर बरेचदा निम्म्यावर येते. पेढी आपल्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे मान्यताप्राप्त वकिलांच्या यादीत, आहे का, हे त्याच फोनवर विचारून घ्यावे, कारण ती तिथे नसेल तर बाकीची सारी तुलना व्यर्थ आहे. फाइल कोण पाहणार आणि त्याच्या हातात सध्या किती फाइली आहेत, हाही प्रश्न विचारावा. त्यावर मिळणाऱ्या उत्तरापेक्षा उत्तर देण्याची तऱ्हा अधिक सांगून जाते.

विकणाऱ्याची गरज त्यामानाने साधी असते, आणि तिथे ऑनलाइन पेढी बहुतेकदा पुरते. फक्त वकील ग्राहक मिळाल्यावर न नेमता घर बाजारात आणतानाच नेमावा, म्हणजे मालमत्तेच्या माहितीचे फॉर्म, बदललेल्या खिडक्यांची प्रमाणपत्रे आणि फ्लॅट असेल तर व्यवस्थापन कंपनीकडचा माहितीसंच आधीच हाती येतो. कायमचे भारतात परत गेल्यावर घर विकणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. हस्तांतरणाच्या दस्तावर भारतात साक्षीदारासमोर सही करणे, ओळख तिथे प्रमाणित करून घेणे आणि नफा झालेला नसला तरी व्यवहारानंतर साठ दिवसांच्या आत भांडवली नफ्याचे विवरण भरणे, या तीन गोष्टी पूर्वी केलेली पेढी शोधावी, आणि शक्य असेल तर ती देश सोडण्यापूर्वी प्रत्यक्ष भेटून ठरवावी.