फॅनच्या बटणाचे 6,650 रुपये

एका बटणापायी 6,650 गेले, वर हेड गॅस्केटचे (इंजिनच्या डोक्याखालचं सील) 14,300. एकूण 20,950. तेही जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत, जिथे न कळण्यासारखं काही नाही. लाज वाटते, तरी लिहितो.

ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढायचा, रेडिएटरचा फॅन लागत नव्हता. मेकॅनिकला सांगितलं: दुरुस्ती आणि सोबत मॅन्युअल बटण, एवढंच काम. हिशेब वहीच्या पानावर: फॅन मोटर 3,400, थर्मो स्विच (इंजिन तापलं की फॅन आपोआप लावणारा) 1,250, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि वायरिंग 1,100, मजुरी 900.

नंतर उघडून पाहिलं तर मोटर जुनीच. थर्मो स्विचही जुना, वर त्याची वायर कापून टेप मारलेली. रिले नाहीच! बॅटरीवरून 0.75 चौरस मिमीची बारीक वायर बटणात, तिथून थेट फॅनला, मध्ये फ्यूजसुद्धा नाही. फॅन 10-12 अँपियर खेचतो, सुरू होताना आणखी. बटण आतून वितळलं, ऑटोमॅटिक आधीच तोडलेलं. खंबाटकी घाटात गाडी उकळली आणि हेड गॅस्केट गेलं.

गाडी ताब्यात घेताना मोटरच्या बोल्टांवर वाळलेला चिखल दिसला होता. नवी मोटर, आणि बोल्टवर गेल्या पावसाळ्याचा चिखल! बटणही पाच मिनिटांत गरम लागलं. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, नवीन आहे, सेट होईल." रिले असेल तर बटणातून पाव अँपियरसुद्धा जात नाही, ते तापायचं कारणच नाही. हे मला माहीत होतं हो! पण रात्रीचे आठ, माणूस ओळखीतला, फॅन डोळ्यांसमोर गरगरतोय. कोण वाद घालणार?

जुना पार्ट हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.

बटण थर्मो स्विचला समांतर हवं, त्याच्या जागी नव्हे. रिलेच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरी, बॅटरीपासून वीतभरावर 20 अँपियरचा फ्यूज, वायर 4 चौरस मिमी. 87 वरून फॅन, फॅनचं दुसरं टोक अर्थला. 86 ला चावीनंतरचा सप्लाय, नाहीतर गाडी बंद करूनही फॅन बॅटरी खात बसेल. 85 थर्मो स्विचमधून अर्थ होतो. त्याच 85 वरून बारीक वायर बटणात आणि तिथून बॉडीला. मग बटण मेलं तरी ऑटोमॅटिक चालू.

मेकॅनिक मोटर बदला म्हणाला तर थर्मो स्विचचा कनेक्टर काढून दोन्ही टोकं जोडा. फॅन फिरला की मोटर ठीक. माझे 3,400 इथेच वाचले असते. ईसीयूच्या (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) गाडीत हा प्रयोग नको.

पोलीस चौकीत "हा दिवाणी मामला." अर्जाची पोच मागितली तर "उद्या या", अशा तीन फेऱ्या. विमावाल्यांचं म्हणणं, मूळ वायरिंग बदललंय, क्लेम नाही. एका तक्रार कक्षात विचारलं, "पक्कं बिल?" फसवणाऱ्याने बिल दिलं नाही हाही माझाच गुन्हा! वर सल्ला, आपसात मिटवा. मिटवायला तो फोन तरी उचलतो का?

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. कापलेल्या वायरचे फोटो लावून तिथे अर्ज करतोय. यूपीआयचा पुरावा मात्र 5,000 चाच आहे. उरलेले 1,650 "सुट्टे द्या ना साहेब" म्हणून त्याने रोख घेतले.