आईला घेऊन वाइल्ड अटलांटिक वे, दहा दिवस, भाड्याची गाडी

चोर्ला घाटातनं गोव्याला पावसाळ्यात पण गाडी मारायची सवय आहे त्यामुळं आयर्लंडला स्वतः चालवायचं म्हटल्यावर घरात कोण घाबरलं नाही, तिकडं पण डावीकडनंच चालवतात, स्टेअरिंग उजवीकडं. मेव्हणा डब्लिनला असतो, तो म्हणाला जूनमध्ये या आणि आईंना घेऊनच या, रात्री दहापर्यंत उजेड असतोय. आई ६९ वर्षांची, गुडघे दुखतात, शिवाय पक्की शाकाहारी, म्हणून तिच्या बाजूनं पण लिहितो.

वाइल्ड अटलांटिक वे म्हणजे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यानं जाणारा रस्ता, हा रूट २०१४ साली सुरू केलाय, डोनेगलपासून कॉर्कमधल्या किन्सेलपर्यंत साधारण २५०० किलोमीटर. आधीच सांगतो, दहा दिवसांत सगळा करायचा हट्ट धरू नका. आम्ही उत्तरेपासून डिंगलपर्यंत केला आणि पुढचा सोडला, तरी दोन दिवस नुसती पळापळ झाली, कॉनेमारा तर जवळपास खिडकीतनंच बघितलं, त्याचं वाईट वाटतंय.

सुरुवात मॅलिन हेडपासून. आयर्लंडच्या मुख्य भूमीचं सगळ्यात उत्तरेचं टोक, पण ते नॉर्दर्न आयर्लंडमध्ये नाही, रिपब्लिकमध्ये म्हणजे स्वतंत्र आयर्लंड देशात आहे! डब्लिनहून तिकडं जायचा सरळ रस्ता मात्र नॉर्दर्न आयर्लंडमधनं म्हणजे ब्रिटनच्या हद्दीतनं जातो. आमच्या आयरिश व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम) असं छापलेलं होतं म्हणून दोन्हीकडं चाललं, तुमच्यावर ते नसलं तर मॅप दाखवतोय तिकडनं जाऊ नका, आधी नीट बघून घ्या.

आणि बॉर्डर. आई विचारतेय चेकपोस्ट कधी येणार, आम्हाला निपाणीच्या पुढं कोगनोळीची सवय, आणि हितं काहीच नाही, ना नाका ना पोलीस, बोर्डावरचे मैल जाऊन किलोमीटर आले आणि रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पिवळी झाली तेवढंच. १९२१ ला फाळणी झालेला देश, पुढं कित्येक वर्षं तिथं सैन्याच्या चौक्या होत्या, १९९८ च्या करारानंतर त्या गेल्या. आम्ही बेळगावचे, १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं तो विषय आमच्या घरात जेवताना निघतोच, त्यामुळं मी पुढं जाऊन गाडी बाजूला लावली आणि सगळ्यांना खाली उतरवून ती पिवळी रेघ दाखवली. बायको म्हणाली फोटोत काय येणार, रस्ताच तर आहे. तो फोटो मी फ्रेम करून घेतलाय.

कड्यांचं सांगायचं तर क्लिफ्स ऑफ मोहर बघायलाच पाहिजेत, २१४ मीटर सरळ समुद्रात, पायवाटा चांगल्या, बसायला जागा आहे, आईला जमलं. वारा मात्र लई, साडीवर जाड जॅकेट आणि कानटोपी पाहिजेच. पण माझं मत विचाराल तर डोनेगलचं स्लीव्ह लीग भारी, उंची ६०० मीटरच्या आसपास, म्हणजे मोहरच्या जवळपास तिप्पट, आणि आम्ही गेलो तेव्हा माणसं मोजकीच.

क्लेअरमधनं केरीत जाताना किलिमर ते टार्बर्ट फेरी घ्या, गाडी सकट चढायचं, वीस मिनिटांत शॅनन नदीच्या पलीकडं, लिमरिकवरनं शंभरावर किलोमीटरचा वळसा वाचतो. पोरांना सगळ्या ट्रिपमध्ये हेच जास्त आवडलं.

डिंगलच्या पश्चिमेला गेल्टाख्त म्हणजे आयरिश बोलणाऱ्यांचा भाग. बाकी देशात बोर्डावर वर आयरिश खाली इंग्लिश, हितं नुसतं आयरिश. रस्त्यावर मोठ्या अक्षरात 'गो मॉल' लिहिलेलं, पोरं मॉल कुठाय मॉल कुठाय करत बसली, त्याचा अर्थ हळू चालवा! कॅफेतल्या बाई पोरांशी आयरिशमधनं बोलत होत्या, आई नुसती ऐकत बसली, एक शब्द कळत नव्हता तरी. बाहेर आल्यावर म्हणाली, आपल्यासारखंच आहे की, घरातली भाषा जपून ठेवायची. स्ली हेडचा रस्ता घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं करा, मोठ्या बसेस तसंच जातात, समोरनं आली तर मागं घेत बसावं लागतंय.

गाडीचं मात्र जपून. ऑटोमॅटिक पाहिजे असेल तर आधी बुक करा, आणि क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावावरचं लागतं. आमचा डावा आरसा दगडी कुंपणाला घासला, भाड्यानं देणाऱ्या कंपनीनं तेवढ्याला भरपूर पैसे कापले कारण साध्या इन्शुरन्समध्ये ती रक्कम आपल्याच अंगावर असते. काउंटरवर सही करायच्या आधी एक्सेस म्हणजे ही आपल्या अंगावरची रक्कम किती ते विचारा, काच आणि टायर धरलेत का ते पण विचारा. गावातले रस्ते एका गाडीपुरते, मधोमध गवत उगवलेलं, दोन्हीकडं भिंती, चोर्लातलं वळण त्यापेक्षा रुंद.

खाणं : कुंदा नेऊ नका, दुधाचे पदार्थ तिकडं न्यायला बंदी आहे, मेव्हण्यासाठी घेतलेला डबा बेळगावातच ठेवून जावं लागलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र दहा दिवस पुरली. पबमध्ये भाजीचं सूप आणि ब्राऊन ब्रेड मिळतो, पण सूप चिकनच्या पाण्यात केलंय का ते दरवेळी विचारा, आम्हाला दोनदा होय म्हणून सांगितलं.

५ पैकी साडेचार. अर्धा कॉनेमारासाठी कापलाय, तो माझ्या प्लॅनिंगचा, रूटचा नव्हे. पुढच्या वेळी डिंगलपासून किन्सेलपर्यंत, आईनं आत्ताच होय म्हटलंय.