जुन्या गाडीला रिव्हर्स सेन्सर: भोकं पाडायची की पट्टी चिकटवायची?

१ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाडीला ते बाहेरून बसवून घ्यावे लागतात. दुकानात दोन पर्याय दाखवतात: बंपरला भोकं पाडून बसवायचे चार अल्ट्रासॉनिक सेन्सर, नाहीतर बंपरच्या आतून चिकटवायची इलेक्ट्रोमॅग्नेटिक पट्टी. पट्टीने रंगाला धक्का लागत नाही, म्हणून अनेकांचा कल तिच्याकडे असतो. पण ज्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलं खेळतात, त्यांनी भोकं पाडूनच घ्यावीत, असं माझं ठाम मत आहे.

कारण असं. पट्टी स्वतःभोवती क्षीण विद्युतक्षेत्र तयार करते आणि त्यात पडणारा फरक ओळखते. गाडी किंवा मागची वस्तू हलली तरच फरक पडतो. मागे मूल आधीच स्वस्थ बसलेलं असेल, तर रिव्हर्स टाकल्यावर पट्टी गप्पच राहते. गाडी सरकायला लागल्यावर वाजते. अल्ट्रासॉनिक सेन्सर साधारण ४० किलोहर्ट्‌झचा, कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतो आणि तो आदळून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. त्यामुळे गाडी जागची हलण्याआधीच इशारा मिळतो. अर्थात बारीक खांब, बंपरखाली बसलेलं मांजर, आवाज शोषून घेणारे जाड कपडे त्यालाही चकवतात. म्हणून गाडीत बसण्याआधी मागे एक चक्कर मारायचीच, सेन्सर कुठलाही असो.

पट्टीच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे: बंपरभर सलग असल्याने तिच्यात मधे फट राहत नाही. पण धातूच्या बंपरवर ती चालत नाही, मागे लोखंडी गार्ड असेल तर बिथरते आणि बंपरवरून पावसाचं पाणी ओघळलं तरी उगाच वाजू शकते.

भोकांचं काम घाईचं नाही. बंपरवर कागदी टेप लावून त्यावर खुणा करायला सांगा. जमिनीपासूनची उंची किटच्या पत्रकाप्रमाणेच ठेवा, ती बहुतेक वेळा ५० ते ६५ सेंटिमीटर असते. आत लोखंडी पट्टा किंवा वायर नाही ना, हे ड्रिल लावण्याआधी बघायचं. सेन्सरच्या पाठीवर वरची बाजू दाखवणारा बाण असतो, तो वरच हवा. सेन्सरचा झोत आडवा रुंद आणि उभा अरुंद असतो. सेन्सर फिरला की जमीनच ‘दिसते’ आणि मोकळ्या मैदानातही बझर थांबत नाही.

वायरिंग दोन्हींचं सारखंच. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, मग रिव्हर्सच्या दिव्यावरून करंट घ्यायचा. वायर सायलेन्सरपासून लांब ठेवायची, पत्र्यातून न्यायची तर भोकाला रबरी ग्रोमेट (वायर कडेला घासू नये म्हणून बसवायची रबरी कडी) घालूनच. जोड नुसत्या टेपने गुंडाळलेले नकोत, डाग देऊन (सोल्डर करून) घ्या. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

देखभालीत अल्ट्रासॉनिक सोपे: पावसाळ्यात चिखल ओल्या फडक्याने पुसायचा, प्रेशरचं पाणी जवळून मारायचं नाही, डेंटिंगनंतर त्यांच्यावर रंगाचा जाड थर चढू द्यायचा नाही. एखादा बिघडला तर तेवढाच बदलता येतो. पट्टी सुटली तर बंपर पुन्हा उतरवावा लागतो.

कॅमेरा जोडीला जरूर घ्या, पण सेन्सरऐवजी नको. नजर स्क्रीनवर नसेल तेव्हा तो काहीच सांगत नाही.

पैसे देण्याआधी दुकानातच तपासा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, इग्निशन चालू, गिअर रिव्हर्समध्ये. मग मागे एक बादली टेबलावर, बंपरच्या उंचीला ठेवून एकेका सेन्सरसमोर सरकवा. चारही ठिकाणी बझर वाजला पाहिजे.