आठ महिने आणि एक पांढरी रेघ: जुन्या रिसोचा अनुभव

चौथ्या महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या. तेव्हा हे रिसो, म्हणजे प्रती छापायचं मशीन, विकायलाच काढलं होतं.

आम्ही चौघं पुण्यात उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला. झीन (स्वतःच छापलेलं छोटं मासिक) करायचं ठरलं आणि एका क्लासवाल्या सरांकडून सेकंडहँड ए३ रिसो ₹२८,००० ला घेतलं. तोवर त्यावर फक्त चाचण्यांचे पेपर निघाले होते. काळ्या शाईचा ड्रम सोबत आला, लाल नंतर शोधून आणला. बाबा शाळेत शिक्षक. मशीन बघून म्हणाले, "हे तर आमचं सायक्लोस्टाईलच की रे, फक्त स्टेन्सिल कापायला टाइपरायटर नको." खरंच आहे. इथे थर्मल हेड, म्हणजे तापणाऱ्या बारीक बिंदूंची पट्टी, मास्टरला (पातळ स्टेन्सिलला) भोकं पाडतं, मास्टर ड्रमला गुंडाळला जातो आणि शाई आतून कागदावर येते.

आधी पैशांचं बोलतो. १६ पानी ए५ झीन म्हणजे ए३ चे दोन कागद, चार बाजू, दोन रंग: आठ मास्टर. मास्टर ₹११ ला पडतो, म्हणजे ₹८८. एक प्रत काढा की शंभर, मास्टरचे ८८ च. शंभर काढल्या तर प्रतीमागे रुपयाही नाही. पण चूक झाली की नवा मास्टर. पहिल्या अंकाला आमचे आठाऐवजी २३ गेले, त्यातला एक निव्वळ एका अनुस्वारापायी.

आता ती रेघ. तिसऱ्या महिन्यात गडद भागावर उभ्या पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या. एकूण पाच. पेपर छापणाऱ्याला त्या कधी दिसल्याही नसत्या. आमचं मुखपृष्ठ मात्र अख्खं लाल. स्कॅनरची काच पुसली, फरक शून्य. (काचेवरच्या डागाने काळी रेघ येते, पांढरी नाही, हे नंतर कळलं.) दुरुस्तीवाले काका आले, झाकण उघडलं, दोन मिनिटांत निकाल: "हेड गेलं. बदलायला लागेल. चौदा हजार." मशीनच्या निम्मी किंमत! मी विचारलं, साफ करून बघितलंत का? तर म्हणे, "पेपर छापायच्या मशीनवर चित्रं कशाला काढता?" भेटीचे ₹६०० घेऊन गेले. पावती नाही.

मग मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणली. मशीन बंद करून हेड थंड होऊ दिलं आणि धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाने हलक्या हाताने पुसलं. कापडावर करडा थर आला. पुढच्या प्रिंटला पाचांतल्या चार रेघा गायब! रात्री साडेअकराला आम्ही चौघं ओरडलो, खालच्या काकू वर आल्या.

पाचवी राहिलीच. तिथला हेडचा बिंदू खरंच मेलाय, म्हणजे काका अगदीच खोटं बोलत नव्हते. पण रेघ कायम एकाच जागी येते, कागदाच्या मधल्या घडीपासून ६ मिमीवर. ए३ वर चार पानं लावली की घडी त्याच दिशेने जाते. म्हणून आतला समास १२ मिमी ठेवला आणि रेघ समासात जिरवली. पाठीमागच्या बाजूला ती घडीच्या पलीकडे जाते, तरी समासातच राहते. चौदा हजारांचं काम सहा मिलिमीटरमध्ये. तेव्हापासून विकायचा विषय निघालेला नाही.

बाकी तक्रारी किरकोळ. शाई कागदात मुरते, त्यामुळे आर्ट पेपरवर ती ओलीच राहते; साधा, बिनचकाकीचा मॅपलिथो घ्या. दुसरा रंग दुसऱ्या दिवशी चढवा, नाहीतर कागद ओढणाऱ्या पिकअप रोलरचे पट्टे ओल्या शाईवर उमटतात. रंग मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतातच. कॉलेजातले सर त्याला 'रिसोचं सौंदर्य' म्हणतात, मला अजून ती चूकच वाटते. पावसाळ्यात कागद वाकतो, दोन-दोन ओढले जातात, जॅम होतो.

जुनं घेणार असाल तर विकणाऱ्यासमोर एक पूर्ण काळा ए३ काढून बघा आणि रेघा मोजा. त्या एका मास्टरचे पैसे मागितले तर देऊन टाका.